अर्ध्यावर सुटलेली परीक्षा

१९३०च्या आसपास आसाम प्रांतातल्या दोन मुलखांवर शिलाँगच्या एका प्रयोगशाळेचे बारीक लक्ष होते. एक नवगाव जिल्हा आणि दुसरा सिल्हेटमधला हबीगंज. नद्या, पाणथळ जमिनी आणि ठरावीक काळाने येणारी पटकीची साथ हे दोन्हीकडचे सारखेच प्राक्तन. नवगावात गावप्रमुखांच्या हाती औषधाच्या कुप्या दिल्या गेल्या. कुणाला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या की विलंब न लावता कुपी फोडून आतला द्रव रोग्याला पाजायचा, एवढीच सूचना होती. हबीगंजात मात्र सुरुवातीला हे औषध वाटायचे नाही असे ठरले होते. एका मुलखाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि काही वर्षांनी दोन्हीकडचे मृत्यू मोजायचे, असा हा प्रयोग होता.

त्या कुप्यांत रसायन नव्हते. त्यांत होते पटकीच्या जंतूंना गाठून फोडणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, थोडक्यात फाज. माणसाला जंतूपासून वाचवण्यासाठी जंतूचा नैसर्गिक शत्रू वापरायचा, या कल्पनेची एवढ्या मोठ्या लोकवस्तीवर घेतलेली ही पहिल्या काही परीक्षांपैकी एक. ती आपल्या देशात घेतली गेली आणि अर्ध्यावर सुटली. आज पोटाच्या विकारांचे जंतू एकामागून एक प्रतिजैविके पचवू लागले असताना ती समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

आग्र्याचे पाणी, पॅरिसचे ठिपके

एकोणिसाव्या शतकात पटकीची दहशत काय होती, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पंढरीच्या वाटेवर साथ शिरली की दिंडीतली माणसे वाटेतच जायची. गावोगावी मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडला जाई. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू तलावाच्या पाण्यात दाखवला. त्यामुळे रोगाचे कारण कळले, पण रोग्याच्या हाती त्यामुळे औषध पडले नाही.

त्यानंतर बारा वर्षांनी, १८९६ साली, आग्र्यात सरकारी रसायन परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गंगा आणि यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू सोडले तर ते काही तासांत मरतात. पाणी चिनीमातीच्या बारीक गाळणीतून काढले तरी हा गुण टिकतो, पण उकळले की जातो. विहिरीच्या पाण्यात मात्र तेच जंतू सुखाने वाढतात. हँकिन यांनी पाहिला तो फाजचाच प्रभाव होता का, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. हँकिन यांना स्वतःला त्यामागे एखादा उडून जाणारा पदार्थ असावा असे वाटत होते.

फाजचा निश्चित शोध लागला तो पहिल्या महायुद्धात. १९१५ साली फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने जंतूंच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन विरघळताना पाहिल्या आणि तसे छापले. पण तो धागा शेवटपर्यंत नेला फेलिक्स देरेल यांनी. हा माणूस रूढ वाटेने विज्ञानात आलेला नव्हता. मेक्सिकोत टोळांवर पडणाऱ्या रोगाचा अभ्यास करता करता तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचला होता. १९१५ साली पॅरिसजवळ मेझों-लाफीत इथे मुक्काम असलेल्या घोडदळाच्या एका तुकडीत रक्ती आवेची साथ पसरली. देरेल रोग्यांची विष्ठा गाळून घेत आणि तो गाळलेला द्रव आवेच्या जंतूंत मिसळत. काही वेळा गढूळ द्रावण रात्रीत नितळ होई. जंतूंचा थर दिलेल्या बशीवर गोल, स्वच्छ ठिपके उमटत. प्रत्येक ठिपक्याच्या जागी जंतू नाहीसे झालेले असत.

देरेल यांनी एकाच रोग्याचे नमुने रोजच्या रोज तपासले. आजार जोरात असताना गाळलेल्या द्रवाचा काही परिणाम दिसेना. रोगी सुधारू लागला की तोच द्रव जंतू मारू लागे. त्यांनी निष्कर्ष काढला की जंतूंच्या जिवावर वाढणारा एक अदृश्य विषाणू रोग्याच्या आतड्यात आहे आणि रोगी बरा होण्यात त्याचा हात आहे. १० सप्टेंबर १९१७ रोजी हे टिपण फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे वाचले गेले.

१९१९च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात रक्ती आवेने खंगलेला बारा वर्षांचा मुलगा होता. प्राध्यापक युतिनेल यांनी औषध देण्याची परवानगी दिली, पण आधी ते निर्धोक आहे याची खात्री मागितली. तेव्हा देरेल, युतिनेल आणि तिथले शिकाऊ डॉक्टर यांनी ते स्वतः पिऊन पाहिले. दुसऱ्या दिवशी कुणालाही काही झालेले नव्हते. मग मुलाला एक मात्रा दिली आणि तो सुधारला. पुढे तीन भावंडे दाखल झाली. त्यांची बहीण घरीच आवेने दगावली होती. ही तिन्ही मुले बरी झाली. चार मुले म्हणजे पुरावा नव्हे, पण मृत्यूच्या दारातून परत आलेली मुले डोळ्यांपुढे असताना डॉक्टरांचा विश्वास का बसला असेल, हे समजू शकते.

हा विषाणू काम कसा करतो, हे नंतर उलगडत गेले. फाज जंतूच्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट रेणूला चिकटतो. कुलपाला किल्ली बसावी तशी ही जोडी नेमकी असते. चिकटल्यावर तो आपला जनुकीय धागा जंतूच्या आत सोडतो. जंतूची सगळी यंत्रणा मग फाजच्या प्रती बनवू लागते. अर्ध्या-पाऊण तासात जंतू फुटतो, शेकडो नवे फाज बाहेर पडतात आणि पुढच्या जंतूंचा शोध घेतात. माणसाच्या पेशींना ते हात लावत नाहीत. नेमकेपणा हेच त्यांचे बळ आणि तीच त्यांची अडचण. आवेच्या एका वाणाला मारणारा फाज शेजारच्या वाणाला ओळखतही नाही.

मुंबई, कलकत्ता आणि पंजाबच्या विहिरी

१९२५ साली देरेल इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या आरोग्य मंडळात होते. सुएझ कालव्यातून जाणाऱ्या जहाजावरच्या प्लेगच्या चार रोग्यांच्या गाठींत त्यांनी फाज टोचले आणि चौघेही वाचले. त्याच वर्षी अमेरिकेत सिंक्लेअर लुईस यांची ‘ॲरोस्मिथ’ ही कादंबरी आली. तिचा नायक प्लेगच्या बेटावर फाज घेऊन जातो. निम्म्या लोकांना औषध द्यायचे आणि निम्म्यांना द्यायचे नाही, ही शिस्त पाळायची असे ठरवून तो गेलेला असतो. पण पत्नी प्लेगने जाते आणि त्या दुःखात तो शिस्त मोडून सगळ्यांना औषध देत सुटतो. फाजच्या पुढच्या इतिहासातला खरा पेच एका कादंबरीकाराने आधीच ओळखला होता.

अलेक्झांड्रियाची बातमी ब्रिटिश सरकारपर्यंत पोहोचली आणि देरेल यांना प्लेगवर काम करण्यासाठी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बोलावले गेले. परळची ही संस्था १८९६च्या प्लेगने मुंबई हादरल्यावर वाल्देमार हाफकिन यांच्या लशीतून उभी राहिली होती. १९२७ साली देरेल पुन्हा भारतात आले ते पटकीसाठी. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने, म्हणजे आजच्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पूर्वज संस्थेने, फाजच्या चौकशीचे काम हाती घेतले. मॅलोन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी आणि लाहिरी हे भारतीय डॉक्टर देरेल यांच्या जोडीला होते.

कलकत्त्याच्या कॅम्पबेल इस्पितळात, आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात, त्यांनी पटकीच्या रोग्यांची विष्ठा तपासली. जे रोगी सावरत होते त्यांच्या आतड्यात जंतूवर तुटून पडणारे फाज सापडत होते. जे दगावत होते त्यांच्यात ते सापडत नव्हते किंवा दुबळे होते. मग हे पथक साथ पसरलेल्या पंजाबच्या खेड्यांत गेले. तिथे रोग्यांना फाज पाजले आणि गावच्या विहिरींतही ओतले. आकडे थक्क करणारे होते. औषध घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांहून कमी दगावले, न घेतलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त.

पण दोन्ही गटांतले रोगी सारखे होते का? कुणाला औषध मिळावे आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. ज्यांना औषध लवकर मिळाले ते मुळात कमी आजारी असू शकतात. ज्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाही, ते आधीच हाताबाहेर गेलेले असू शकतात. शिवाय पटकीची साथ आपली आपणही ओसरते. विहिरीत औषध टाकल्यावर साथ थांबली, म्हणून ती औषधाने थांबली असे म्हणता येत नाही.

आसामचा प्रयोग यावर उत्तर शोधण्यासाठी होता. शिलाँगच्या पाश्चर संस्थेचे लेफ्टनंट कर्नल मॉरिसन यांच्याकडे त्याची धुरा होती. पाटण्यात आशेशॉव हे रशियन शास्त्रज्ञ पटकीच्या फाजचे प्रकार वेगळे करत होते आणि कोणते फाज एकत्र दिले तर जंतूला निसटायला वाव राहणार नाही, याचा शोध घेत होते. हे फार महत्त्वाचे काम होते. आज ज्याला फाजचे मिश्रण म्हणतात, त्याची पायाभरणी बिहारमध्येही होत होती.

नवगावात पटकीचे मृत्यू खाली आले आणि खालीच राहिले. हबीगंजात साथी येत राहिल्या. मॉरिसन यांना हा कौल पुरेसा वाटला. पण दोनच मुलूख, एकाच्या वाट्याला साथ आली आणि दुसऱ्याच्या आली नाही, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. हबीगंजातले मृत्यू पाहता तिथे औषध रोखून धरणे पुढे कठीणच होते. म्हणजे जो प्रश्न कादंबरीतल्या नायकापुढे होता, तोच इथेही उभा राहिला. १९३६ साली चौकशीचे काम गुंडाळले गेले. निकाल ना होकाराचा लागला, ना नकाराचा.

बाजार आणि बदनामी

तोवर युरोप-अमेरिकेत फाजचा बाजार भरात आला होता. पॅरिसमध्ये देरेल यांच्याच प्रयोगशाळेत बनलेली औषधे पुढे लॉरेआल या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी विकत होती. ज्या विकारांत जंतूंचा संबंधच नाही अशा विकारांवरही फाजच्या नावाने औषधे खपत होती. कित्येक बाटल्यांत जिवंत फाज उरलेलेच नसत. १९३४ साली ईटन आणि बेन-जोन्स यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेसाठी शंभराहून अधिक निबंध तपासले आणि बहुतेक रोगांत पुरावा अपुरा असल्याचा अभिप्राय दिला. फाज हा सजीव विषाणू आहे की नुसते विकर, हेदेखील त्यांच्या मते ठरलेले नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो डोळ्यांनी दिसायला १९४० साल उजाडावे लागले.

त्याच दशकात पेनिसिलीन आले, पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. कोणत्या वाणाचा जंतू आहे हे न शोधता देता येणारी, साठवायला सोपी आणि झटपट गुण देणारी औषधे हाती असताना नेमक्या फाजचा शोध घेत कोण बसणार? पश्चिमेने फाजकडे पाठ फिरवली. ती फिरवण्यामागे व्यवहार होता. फाज निरुपयोगी असल्याचे मात्र कुणी सिद्ध केलेले नव्हते.

तिबिलिसीच्या गल्ल्या

एका ठिकाणी दिवा विझला नाही. जॉर्जियाचे गिओर्गी एलियावा पाश्चर संस्थेत देरेल यांच्याबरोबर काम करून मायदेशी परतले आणि १९२३ साली त्यांनी तिबिलिसीत आपली संस्था काढली. १९३३ नंतर देरेल स्वतः तिथे जाऊन राहिले आणि त्यांनी तिथे पुस्तकही लिहिले. पण १९३७ साली स्टालिनच्या दमनसत्रात एलियावांना लोकांचा शत्रू ठरवून गोळी घालण्यात आली. देरेल पुन्हा तिथे गेले नाहीत. १९४९ साली पॅरिसमध्ये ते वारले, तेव्हा जगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता.

संस्था मात्र टिकली. फाजच्या पोटाच्या विकारांवरच्या गुणाची सर्वांत मोठी परीक्षा तिबिलिसीतच १९६३-६४ साली झाली. सहा महिने ते सात वर्षे वयाची ३०,७६९ मुले तिच्यात होती. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांतल्या मुलांना आवेवरचे फाज दिले, दुसऱ्या बाजूच्या मुलांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. १०९ दिवस नोंदी ठेवल्या गेल्या. फाज न मिळालेल्या मुलांत आवेचे प्रमाण ३.८ पट निघाले. एकाच रस्त्यावरची घरे, तेच पाणी, तेच हवामान आणि तोच मोसम. आसामात जे जमले नव्हते ते इथे बऱ्याच अंशी साधले. आजच्या कसोट्या लावल्या तर याही प्रयोगात उणिवा निघतील. पण शीतयुद्धाच्या भिंतीमुळे तो पश्चिमेत फारसा वाचलाच गेला नाही, ही त्याहून मोठी हानी होती.

जंतूंनी दिलेले उत्तर

ज्या आवेच्या जंतूंनी देरेल यांना फाज दाखवले, त्याच जंतूंनी प्रतिजैविकांच्या युगालाही पहिला मोठा इशारा दिला. १९५०च्या दशकात जपानमध्ये रक्ती आवेचे असे जंतू सापडू लागले की त्यांच्यावर एकाच वेळी चार-चार औषधे निष्प्रभ ठरत. त्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की ही ताकद एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते, एका जातीतून दुसऱ्या जातीतही जाते. आतडे हा या देवघेवीचा मोठा बाजार आहे. तिथे अब्जावधी जंतू शेजारी शेजारी राहतात आणि औषधाची प्रत्येक अनावश्यक मात्रा प्रतिकार करणाऱ्यांनाच निवडून ठेवते.

पटकीच्या बाबतीत फाजला १९७०च्या आसपास ढाक्यात पुन्हा संधी मिळाली. रोग्यांना प्रचंड मात्रेत फाज देऊन पाहिले, पण टेट्रासायक्लिनच्या तुलनेत गुण फार तोकडा पडला. त्याच सुमारास मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीतले मृत्यू रोखता येतात हे ढाक्यात सिद्ध झाले होते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महलानबीस यांनी ते हजारोंच्या बाबतीत करून दाखवले. पटकीत जीव जातो तो शरीरातले पाणी संपल्याने, म्हणून पहिले औषध पाणीच. ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

नंतर कळलेल्या आणखी एका गोष्टीने सर्वांना सावध केले. पटकीचे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात दाखवून दिले होते. १९९६ साली वाल्डोर आणि मेकालानोस यांनी दाखवले की त्या विषाचा जनुक जंतूला एका फाजनेच दिलेला असतो. सगळेच फाज जंतूला फोडत नाहीत. काही त्याच्या जनुकांत मुक्काम करतात आणि जाताना-येताना घातक जनुके वाहून नेतात. म्हणून औषधासाठी फाज निवडताना त्याचा जनुकसंच पूर्ण वाचूनच घ्यावा लागतो. देरेल यांच्या काळात हे शक्य नव्हते, आज ते कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत शक्य आहे.

ढाक्यातून आणखी दोन महत्त्वाचे धागे आले. २००५ साली शाह फारूक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पाण्यात पटकीचे जंतू वाढतात तेव्हा फाज कमी असतात आणि फाज वाढले की साथ ओसरते. निसर्गात ही झुंज चालू असतेच. २०१६ साली तिथल्याच डॉक्टरांनी हगवणीच्या १२० लहान मुलांवर ई. कोलाय जंतूंविरुद्धच्या फाजची काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. फाज निर्धोक ठरले, पण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त गुण आला नाही. कारणेही हाती लागली. बऱ्याच मुलांच्या हगवणीमागे ई. कोलाय नव्हतेच, आणि जिथे होते तिथेही फाजना आतड्यात वाढायला पुरेसे जंतू मिळाले नाहीत. अपयशाचे एवढे स्वच्छ उत्तर देणारी ही चाचणी मला पंजाबच्या चमत्कारी आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. निदान अचूक हवे, फाज जंतूशी जुळवलेले हवेत, जठरातल्या आम्लातून ते जिवंत पुढे जायला हवेत आणि मात्रा वेळेवर हवी, हे तिने शिकवले. २०२२ साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी आतड्याच्या दाहाशी जोडलेल्या क्लेब्सिएला जंतूंविरुद्ध पाच फाजचे मिश्रण तयार केले. निरोगी स्वयंसेवकांना ते आम्लरोधकासह दिल्यावर फाज आतड्यात टिकल्याचे दिसले.

आता आपण

२०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट दगावलेल्यांची संख्या जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६पासून पाकिस्तानच्या सिंधमध्ये विषमज्वराचा असा वाण पसरला की त्याच्यावर तोंडाने घेण्याचे जवळजवळ एकच औषध उरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली धोकादायक जंतूंची जी यादी केली, तिच्यात फ्लोरोक्विनोलोन प्रतिजैविकांना दाद न देणारे विषमज्वराचे आणि रक्ती आवेचे जंतू उच्च प्राधान्याच्या गटात आहेत.

फाज हा प्रतिजैविकांना सरसकट पर्याय नाही, आणि तसे सांगून कुणी बाटल्या विकू लागला तर १९३०च्या दशकाची पुनरावृत्ती होईल. पण ज्या रोग्यापुढे दुसरे औषधच उरलेले नाही, त्याच्यासाठी तो खरा आधार ठरू शकतो. हे ठरवण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे नीट बेतलेली, तुलनेचा गट असलेली, निकाल काहीही लागो तो छापणारी चाचणी. भारताकडे हगवण आणि विषमज्वराचे रोगी आहेत, फाजने भरलेल्या नद्या आहेत, जनुके वाचणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि मुंबईपासून शिलाँगपर्यंत या कामाची शंभर वर्षांची परंपरा आहे. वैद्यक संशोधन परिषदेने आपल्याच पूर्वज संस्थेने १९३६ साली अर्ध्यावर सोडलेले हे काम पुन्हा हाती घ्यावे. आणि ते होईपर्यंत साध्या जुलाबावर मनाने प्रतिजैविक घेऊ नका. मीठ-साखरेचे पाणी घ्या, जुलाबात रक्त किंवा सोबत ताप असेल तर डॉक्टरांकडे जा. आजची औषधे जितकी वर्षे टिकतील, तितकीच वर्षे उद्याच्या औषधांना तयार व्हायला मिळणार आहेत.